बारा तासांचा मास्तर

आपल्याकडे घट उठतात, आपट्याची पाने वाटली जातात, त्याच सुमारास दर वर्षी फ्रान्स देशात हजार-दीड हजार अमेरिकन तरुण-तरुणी मास्तरकी करायला उतरतात. १ ऑक्टोबर ते एप्रिलअखेर असे सात महिने, आठवड्याला बारा तास, हातात महिना सुमारे ८०० युरो. वय वीस ते पस्तीस. कोणी नॉर्मंडीत, कोणी आल्प्सच्या पायथ्याशी, तर कोणी फ्रान्सचाच मुलूख म्हणून थेट हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर. शाळेच्या दप्तरी त्यांचे नाव 'साहाय्यक'. काम एकच : मुलांशी इंग्रजी बोलणे. अध्यापनाचे शिक्षण घेतलेले त्यांच्यात थोडेच असतात. तशी अटही नाही. कामापुरती फ्रेंच यावी आणि इंग्रजी मात्र आईच्या दुधाबरोबर आलेली असावी, म्हणजे झाले. थोडक्यात, पगार मिळतो तो तोंडाला.

या तोंडाशीच माझे भांडण आहे. सणासुदीला भांडण उकरून काढू नये असा शिष्टाचार आहे, आणि फ्रान्समधल्या अमेरिकनाशी महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तराने भांडावे हे तर अगदीच विचित्र दिसते. परंतु ज्या नाण्यावर त्या तरुणाची नेमणूक होते, तेच नाणे आज आपल्या गल्लीबोळांतल्या शाळांत खणखणते आहे. फरक इतकाच, की फ्रान्सने त्या नाण्याची किंमत ओळखून ते चिल्लर म्हणून वापरले आणि आपण ते देव्हाऱ्यात पूजेला लावले.

प्रथम त्या अमेरिकनाची शरदातली दिनचर्या पाहू. मी फ्रान्सला गेलेलो नाही. पण ही मंडळी घरी भरभरून लिहितात आणि त्यांतले पुष्कळ छापून येते. शिवाय माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून २०२४ साली अशीच साहाय्यक म्हणून मध्य फ्रान्समधल्या एका लहान गावी गेली होती. भारतातूनही काही मोजके तरुण या कामावर जातात. तिच्या शाळेत एक अमेरिकन तरुणही होता. तिची पत्रे मी जपून ठेवली आहेत. हल्लीची पत्रे म्हणजे संगणकावरची, पण मी ती कागदावर छापून घेतली आहेत.

या लिखाणातला शरद मोठा देखणा असतो. आपला शरद म्हणजे ऑक्टोबरचे रखरखीत ऊन आणि कोजागरीचे मसाल्याचे दूध. आपली पाने गळतात ती शिशिरात. तिकडे याच दिवसांत चिनाराच्या जातीची रस्त्याकडेची झाडे तांबूस-पिवळी होतात, द्राक्षमळ्यांतली तोडणी आटोपत आलेली असते, चौकात विस्तवावर चेस्टनट भाजायला लागतात. रविवारी माणसे टोपल्या घेऊन रानात अळंबी वेचायला जातात आणि त्यांतली विषारी कोणती हे विचारायला औषधाच्या दुकानी जातात. तिकडच्या औषधवाल्याला ती विद्या शिकवलेली असते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बोजोले प्रांताची नवी वारुणी बाजारात येते. हे सारे वाचताना मलाही गोड वाटते. परदेशी गेलेल्या पोराने पानांचे रंग वर्णावे यात वावगे काय? पण या रंगांच्या मागे एक दुसरी हकीकत चालू असते. ती लिहिणारा पोर सहज, तक्रार म्हणून, लिहून जातो. मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

ती हकीकत अशी. अमेरिकन पोर स्टेशनवर उतरते. खोली हवी, तर घरमालक बँकेचे खाते विचारतो. खाते हवे, तर बँक राहत्या पत्त्याचा पुरावा मागते. पुरावा म्हणजे विजेचे बिल. आणि ते खोली मिळाल्याशिवाय येत नाही. प्रेफेक्त्युर म्हणजे तिकडची कलेक्टर कचेरी. तिथे एक कागद घेऊन गेले की दुसरा मागतात, दुसरा नेला की पहिल्याची प्रत मागतात. आपल्यापैकी ज्याने रेशनकार्डावर नाव चढवले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. नवल वाटते ते त्या पोराला. कारण आयुष्यात प्रथमच त्याला खिडकीपलीकडच्या माणसाशी दुसऱ्याच्या भाषेत बोलावे लागते. जगाच्या ज्या विमानतळावर तो उतरला, तिथे आजवर जग त्याची भाषा बोलत होते.

दुकानात शिरताना 'बाँजूर' न म्हणता तो थेट पाव मागतो, आणि पाववाली बाई भुवई उंचावते. तू आणि तुम्ही हा भेद आपल्या तीन वर्षांच्या पोराला कळतो. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे हा बिचारा मुख्याध्यापिकेला 'तू' म्हणतो आणि कुत्र्याला 'आपण'. घरभाडे नव्वदच्या घरात निघाले की त्याची बोबडी वळते, कारण फ्रेंच माणूस नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतो. आमच्या आजीला हे ऐकून अजिबात नवल वाटले नसते. ती अंडी, आंबे आणि वये विसांतच मोजत असे. चार विसा आणि दहा म्हटले की तिचा हिशेब चोख. पण अमेरिकनाला हा फ्रेंचांचा खास खवचटपणा वाटतो.

हसू येते, नाही? मलाही आले. पण वाचकहो, याच पोराला उद्या सकाळी साडेआठ वाजता वर्गात उभे राहायचे आहे, आणि त्याची खरी परीक्षा तिथेच आहे.

वर्गात एक मुलगा उठून म्हणतो, "आय हॅव सीन हिम यस्टर्डे." अमेरिकन म्हणतो, "नाही, आय सॉ हिम." मुलगा विचारतो, "का?" आणि अमेरिकन गप्प. फार झाले तर म्हणतो, "असेच म्हणतात. कानाला ते बरोबर वाटत नाही." कान त्याचा, म्हणून कानाला कळते, मुलाने काय करावे? आता त्याच शाळेतली इंग्रजीची फ्रेंच बाई पाहा. ती 'कापेस' नावाची कठीण स्पर्धापरीक्षा देऊन आलेली, पण उच्चार असा, की इंग्रजी 'र' तिच्या घशात अडकतो आणि 'ह' तोंडातून निघतच नाही. मुलाची चूक ऐकताच तिला कळते, की फ्रेंच बोलीत कालची गोष्ट सांगतानाही 'मी पाहिलेले आहे' याच घाटाचे क्रियापद येते, आणि मुलाने तेच उचलून इंग्रजीत ठेवले आहे. ती फळ्यावर दोन ओळी लिहिते आणि वर्ग पुढे जातो. तिला ते कसे कळले? तिने स्वतः बाराव्या वर्षी तीच चूक केली होती म्हणून.

आणखी उदाहरणे घ्या, कारण साऱ्या वादाचे मर्म यातच आहे. फ्रेंच मुलगा म्हणतो, "द लाइफ इज ब्यूटिफुल." त्याच्या भाषेत 'जीवन' या शब्दापुढेही ते उपपद लागते, म्हणून त्याने ते इंग्रजीतही लावले. मराठी मुलगा उलट करतो. त्याच्या भाषेत 'ए' नाही आणि 'द'ही नाही, म्हणून तो दोन्ही गाळून "सन राइजेस इन ईस्ट" असे सुटसुटीत लिहितो. फ्रेंच मुलगा वय सांगताना "आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स" म्हणतो, कारण त्याच्याकडे वर्षे 'असतात'. आमचा मुलगा "ही सेड मी" म्हणतो, कारण 'त्याने मला सांगितले' यात 'मला' एकदाच येते. फ्रेंच मुलाला 'ह' उच्चारता येत नाही, म्हणून त्याला भूक लागली की तो राग आल्याचे जाहीर करतो : "आय ॲम अँग्री!" आमच्याकडे 'व' एकच, इंग्रजीत दोन, म्हणून आमची तारांबळ तिथे उडते.

इंग्रजी एकच, पण प्रत्येक देशातले मूल तिच्याशी वेगळ्या ठिकाणी अडखळते. ते कुठे अडखळेल हे इंग्रजी जाणणाऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते त्या मुलाची भाषा जाणणाऱ्याला. मासा पोहतो उत्तम, पण बुडणाऱ्याला हात कुठे मारावा हे तो सांगू शकत नाही. ते सांगतो तो, जो एकदा गटांगळ्या खाऊन काठाला लागला आहे. माझे म्हणणे एवढेच : भाषा शिकवायला ती येणे पुरत नाही, ती येत नव्हती त्या दिवसांची आठवण असावी लागते.

यावर विद्वान मंडळी मला बर्लिट्झची गोष्ट ऐकवतील. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ या गृहस्थाने १८७८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरी भाषाशाळा काढली. मदतीला निकोलस जोली नावाचा एक फ्रेंच माणूस नेमला. तो आल्यावर कळले, की त्याला इंग्रजीचा गंध नाही! बर्लिट्झ आजारी पडले होते. नाइलाजाने वर्ग जोलीवर सोडला. दीड महिन्याने येऊन पाहतात तो विद्यार्थी फडाफडा फ्रेंच बोलताहेत, असे सांगतात. त्यातून भाषांतराला फाटा देणारी 'थेट पद्धत' निघाली आणि जगभर गाजली. "मग, मास्तर, आता काय म्हणता?"

म्हणतो ते हे. बोलण्याची सवय बोलणाऱ्याच्या सहवासाने होते, हे मी कधी नाकारले? कान तयार व्हायला अस्सल आवाज हवा. मी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेतून इंग्रजी शिकलो. वाक्ये शेकडो पाठ, पण पहिला साहेब समोर बोलला तेव्हा मला त्याचा एक शब्द उमगला नाही. पाठमालेला कान नव्हते. तेव्हा अमेरिकनाला वर्गात आणा, अवश्य आणा. पण बर्लिट्झच्या वर्गातली माणसे हौसेने पैसे भरून आलेली होती. चाळीस पोरांच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराने भाषा निवडलेली नसते. ती त्याच्यावर येऊन पडलेली असते. त्याला सोबतीबरोबर वाटाड्याही लागतो. आणि फ्रान्सचे शहाणपण नेमके इथे दिसते. साहाय्यकांची ही देवघेव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनशी सुरू झाली. शतक उलटले तरी फ्रान्सने साहाय्यकाला साहाय्यकच ठेवले. वर्गाची जबाबदारी फ्रेंच शिक्षकाची. अमेरिकनाचे आठवड्याला बारा तास. त्याच्या उच्चाराला भुलून कोणी त्याला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवले नाही, आणि थोडे अपवाद सोडले तर गणित-इतिहासही त्याच्या भाषेत करून टाकला नाही. १९९२ साली तर त्या देशाने आपल्या राज्यघटनेतच लिहून टाकले, की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे.

भाषेवरचे प्रभुत्व आणि शिकवण्याची विद्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा फ्रान्समधलाच मोठा दाखला म्हणजे कवी मालार्मे. एवढा शब्दप्रभू, उपजीविकेसाठी त्याने १८६३ पासून तीसएक वर्षे, तूर्नाँपासून पॅरिसपर्यंत, शाळांत इंग्रजी शिकवले. त्याच्या कवितेने साहित्य हलले. त्याचा वर्ग मात्र त्याला कधी आवरला नाही. शब्दप्रभूची ही गत, तर केवळ जन्माने भाषा लाभलेल्याची काय कथा!

आता नोव्हेंबर. तिकडे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. १ नोव्हेंबरला 'तूसाँ', म्हणजे सर्व संतांचा सण. त्या दिवसांत माणसे आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवतात. फूल कोणते? आपली शेवंती! बाजार शेवंतीने भरून जातो. अमेरिकेत ती दारापुढची शोभेची कुंडी. म्हणून आमच्या विद्यार्थिनीचा तो अमेरिकन सहकारी जेवायला बोलावणाऱ्या घरी मोठ्या हौसेने शेवंतीची कुंडी घेऊन गेला. यजमानीण बाई पांढरीफटक पडली. कारण त्या देशात कुणाच्या घरी शेवंती नेणे म्हणजे मयताला जाणे. २०२४ साली आपले लक्ष्मीपूजन नेमके १ नोव्हेंबरलाच आले होते. मुलीने लिहिले, "सर, आज तुम्ही लक्ष्मीला शेवंती वाहिली असेल. इथे स्मशान शेवंतीने पिवळे झाले आहे. फूल तेच, अर्थ दुसरा. भाषांतर म्हणजे काय ते मला आज कळले." माझ्या साऱ्या नोकरीत मला मिळालेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे, आणि ते परीक्षेत आलेले नाही.

त्याच महिन्यातली तिने कळवलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकनांचा 'थँक्सगिव्हिंग'चा सण. फ्रान्समध्ये तो दिवस कामाचा. हा तरुण वर्गात त्या सणाची माहिती सांगत होता. मुलांना समजेना, म्हणून त्याने फ्रेंचमध्ये समजावायला घेतले आणि एका सामान्य नामाचे लिंग चुकवले. सारा वर्ग खो खो हसला. मराठीत तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला त्याची अवस्था समजावी. 'तो खुर्ची' म्हणणाऱ्या पाहुण्याला आपणही हसतो. तो लाल झाला, थांबला, आणि म्हणाला, "बरोबर काय ते सांगा." तेव्हा मागच्या बाकावरचा, दोन महिन्यांत तोंड न उघडलेला एक मुलगा उठला. त्याने फ्रेंच शब्द बरोबर करून दिला आणि लगोलग इंग्रजीत, तुटक्या का होईना, आयुष्यातले पहिले वाक्य बोलला. ज्याच्या चुकीला आपण हसू शकतो त्याच्यासमोर चुकायची भीती राहत नाही, हे त्या मुलाने कुठल्याही अध्यापनशास्त्राच्या ग्रंथाशिवाय ओळखले. माझ्या मते तो अमेरिकन त्या दिवशी मास्तर झाला. १ ऑक्टोबरला तो नुसते तोंड होता. कचेऱ्यांच्या खिडक्यांनी, चार-वीस-दहाने आणि शेवंतीच्या कुंडीने आठ आठवडे त्याला शिकवले, तेव्हा कुठे त्याला शिकवता येऊ लागले.

आणि त्याच शाळेतली आमची मुलगी? तिला तर ही शिकवणी लागलीच नव्हती. इंग्रजी ती आमच्या शाळेत पाचर ठोकल्यासारखी शिकली, फ्रेंच पुण्यात शिकली. अडखळणे तिच्या हाडात मुरलेले होते. मुलांना ती पहिल्या आठवड्यापासून समजली. तरी एका पालकाने विचारलेच, "ही भारतातली. हिची इंग्रजी खरी का?" पाहा, फ्रान्समध्येही हे खूळ नाही असे नाही. उच्चाराच्या देवळात गोऱ्यांची रांग पुढे आणि बाकीच्यांची मागे, हा रिवाज तिथेही आहे. मुलीने काय उत्तर दिले ते तिने लिहिले नाही. मीही विचारले नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आणला. विषय म्हणून ती आली याला माझा विरोध नाही. माझा राग पुढच्या पायरीवर आहे. विषय होता तो माध्यम झाला, मदतनीस होता तो मालक झाला. शाळांच्या जाहिराती पाहा : इमारत, बस, पोहण्याचा तलाव, आणि 'अस्खलित उच्चारांचे शिक्षक'. मुलाला समजेल असे शिकवणारे शिक्षक, अशी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. एका संस्थेत, नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही कारण अशा संस्था तालुक्यागणिक आहेत, मी बरीच वर्षे पाचवीला इंग्रजी शिकवत होतो. एके दिवशी बोलावून सांगण्यात आले, की पालकांना 'कॉन्व्हेंटचा ॲक्सेंट' हवा आहे, तेव्हा तुम्ही आता मराठी घ्या आणि हजेरीपटाचे काम पाहा. माझ्या जागी एक तरुण मुलगी आली. चांगली, कष्टाळू, तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. ती झऱ्यासारखी बोलत असे. पण मुले मधल्या सुट्टीत हजेरीच्या खोलीत वह्या घेऊन माझ्याकडे येत आणि हळूच विचारत, "सर, इथे 'द' का आला?"

ती हळूच का विचारत? कारण त्या आवारात मराठीत बोलण्याला दंड होता. इथे फ्रान्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी वकिली केली असे होईल. हाच फ्रान्स एके काळी आपल्याच लेकरांशी असा वागला. ब्रिटनी प्रांतातली मुले घरी ब्रेतों भाषा बोलत. शाळेत तो शब्द तोंडातून निघाला की गळ्यात एक लाकडी जोडा किंवा तसलीच काही वस्तू अडकवत. त्या मुलाने दुसऱ्याला पकडून दिले की ती त्याच्या गळ्यात जाई. मुलांनाच मुलांवर हेर नेमण्याची ही पद्धत. परिणाम काय झाला? आज युनेस्कोच्या यादीत ब्रेतों गंभीर धोक्यातल्या भाषांत आहे. १९७७ साली तिथल्या पालकांनी ब्रेतोंमधून शिकवणाऱ्या शाळा पदरमोड करून उभ्या केल्या. त्यांचे नाव 'दिवान'. आपल्याला दिवाणखाना आठवेल. ब्रेतोंमध्ये त्याचा अर्थ अंकुर. जी भाषा शाळेने उपटली, तिचा अंकुर पुन्हा शाळेतच लावावा लागला, आणि तेव्हा घरात ती बोलणारे म्हातारेच उरत चालले होते.

आपण त्याच वाटेने, स्वखर्चाने आणि वाजतगाजत चाललो आहोत. फ्रान्समध्ये निदान ती सक्ती सरकारची होती. आपल्याकडे बाप दंडाची पावती स्वतः भरतो आणि मुलाला दटावतो, "पुन्हा मराठीत बोललास तर बघ!" ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढे खाणाऱ्या किती जणांची नातवंडे तो शब्द वाचू शकतात, हा प्रश्न सणाच्या दिवशी विचारू नये. तरी मी विचारतो.

कोणी म्हणेल, मास्तरांचा तास गेला म्हणून मास्तर चिडले. चिडलो तर आहेच! पण माझा तास गेल्याने माझे काही बुडाले नाही. मला मराठी शिकवायला आवडते. बुडाले ते त्या मुलांचे, ज्यांना आता अस्खलित ऐकू येते आणि कळत काही नाही. ती मुले मोठी होऊन मराठी धड लिहीत नाहीत आणि इंग्रजी धड बोलत नाहीत. मग एखाद्या मुलाखतीच्या खोलीत, खिडकीपलीकडच्या माणसापुढे, त्या अमेरिकन पोरासारखी गप्प उभी राहतात. फरक इतकाच, की अमेरिकन एप्रिल संपल्यावर आपल्या भाषेच्या घरी परत जातो. आमच्या मुलाला परत जायला घर आपण ठेवलेले नसते.

म्हणून या दिवाळीत, जावई-लेकी जमल्या असताना, चकली-चिवड्याच्या ताटाभोवती नातवंडाच्या शाळेचा विषय निघेलच, तेव्हा माझे एवढे ऐका. शाळा निवडताना इंग्रजीच्या शिक्षकाचा उच्चार ऐकून माना डोलवू नका. त्यांना एकच प्रश्न विचारा : "माझे मूल मराठी बोलते. ते इंग्रजी शिकताना कोणत्या चुका करील आणि का करील?" ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याचा 'र' घशात अडकत असला तरी मूल त्याच्या हवाली करा. ज्याला हा प्रश्नच विचित्र वाटेल, त्याचे आवाजासाठी मनापासून स्वागत करा, त्याला चहा द्या, मुलांशी गप्पा मारायला बोलवा. आणि त्याला आठवड्याचे बारा तास द्या. फ्रान्स त्याहून अधिक देत नाही. आपणही देऊ नये.